नाण्यावरील सन कसा वाचावा ?

वळ हें भिवंडी तालुक्यांतील गांव. एके काळीं या बाजूस पावसाळ्यांत जिकडे तिकडे भाताचीं खाचरें दिसत. सांप्रत त्यांपैकीं पुष्कळ जागेवर मोठमोठीं गोदामें उभीं राहिलीं आहेत. समजा, अशा एखाद्या गोदामाचा पाया खणतांना, किंवा उरलेल्या शेतांत नांगर चालवितांना, कोणाच्या हातीं काळवंडलेलें एक चांदीचें नाणें लागलें. त्यावर फारशी अक्षरें आहेत आणि कोपऱ्यांत १०९८ असा आंकडा आहे. शाळेंत जाणारा मुलगा म्हणतो, "बाबा, हें इसवी सन १०९८ मधील, म्हणजे शिलाहार राजांच्या वेळचें आहे." वडील म्हणतात, "तसें नव्हे. मुसलमानी सनांत ६२२ मिळवावे लागतात असें आम्हीं ऐकलें आहे. तेव्हां हें १७२० मधील." सोनाराकडे गेलें तर तो म्हणतो, "सन कांहींहि असो, चांदी किती भरते तें पाहूं."

मुलाचें उत्तर चुकलें, वडिलांचेंहि चुकलें आणि सोनारानें तर प्रश्नच पुसून टाकला. या लेखांत आम्ही बरोबर उत्तर काढण्याची रीत सांगणार आहों. तीस सातव्या इयत्तेच्या गणिताहून अधिक कांहीं लागत नाहीं. लागतो तो थोडा धीर.

प्रथम हिजरी सन म्हणजे काय तें पाहूं. पैगंबर महंमद यांनीं इ. स. ६२२ मध्यें मक्का सोडून मदिनेस प्रयाण केलें. या प्रयाणास हिजरत म्हणतात. पुढें खलीफा उमर यांच्या कारकीर्दींत, ज्या वर्षीं हें प्रयाण झालें त्या वर्षाच्या मोहरम महिन्याच्या पहिल्या दिवसापासून सन मोजण्याचें ठरलें. तो दिवस इ. स. ६२२ च्या जुलै महिन्याची १६ तारीख होय. येथवर वडिलांचें म्हणणें बरोबर आहे. चूक होते ती पुढें.

आपलें पंचांगहि चंद्राच्या महिन्यांचें आहे; परंतु बारा चांद्रमास सूर्याच्या वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं कमी भरतात, म्हणून आपले ज्योतिषी तीन वर्षांच्या आंत-बाहेर एक अधिकमास घालून तो तोटा भरून काढतात. त्यामुळें दिवाळी नेहमीं शरदांतच येते. हिजरी गणनेंत अधिकमास नाहीं. तींत साधें वर्ष ३५४ दिवसांचें असून तीस वर्षांत अकरा वर्षें ३५५ दिवसांचीं धरतात. म्हणजे तीस वर्षांचे एकंदर दिवस १०,६३१ होतात. याचा प्रत्यय भिवंडीच्या मुलांस पुस्तकावांचूनहि येतो. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांची रमजान ईद इ. स. २०२३ मध्यें एप्रिलच्या २२ तारखेस झाली, २०२४ मध्यें एप्रिलच्या ११ तारखेस, आणि २०२५ मध्यें मार्चच्या ३१ तारखेस. दरसाल अकरा दिवस मागें सरत सरत ही ईद सर्व ऋतूंतून फिरून सुमारें तेहतीस वर्षांनीं पुन्हां त्याच ऋतूंत येते.

याचा अर्थ असा कीं, सूर्याचीं बत्तीस वर्षें होतात तेव्हां हिजरी गणनेंत तेहतीस वर्षें पुरीं झालेलीं असतात. तेव्हां हिजरी आंकड्यांत नुसते ६२२ मिळविले तर दर तेहतीस वर्षांस एक वर्ष फाजील मोजलें जातें. १०९८ वर्षांत ही चूक तेहतीस वर्षांवर जाते. आमच्या कल्पनेंतील नाण्यावर औरंगजेब आलमगीर याचें नांव आहे असें धरूं. औरंगजेब इ. स. १७०७ मध्यें वारला. मग त्याच्या नांवाचा रुपया १७२० त कसा पडेल? आणि १०९८ हें इसवी सन असेल तर औरंगजेबाचा जन्महि व्हावयाचा होता. नाणें आपणच दोन्ही उत्तरांस "नाहीं" म्हणत आहे. ऐकणारा मात्र पाहिजे.

आतां रीत सांगतों. १०,६३१ दिवसांस तीसांनीं भागलें म्हणजे हिजरी वर्षाची सरासरी निघते. तिला सूर्याच्या वर्षाच्या ३६५.२४२५ दिवसांनीं भागलें म्हणजे ०.९७०२२४ हा अपूर्णांक मिळतो. नाण्यावरील हिजरी सनास या अपूर्णांकानें गुणावें आणि गुणाकारांत ६२१.५७७४ मिळवावे. आलेल्या संख्येचा पूर्णांक म्हणजे ज्या इसवी वर्षांत त्या हिजरी वर्षाचा आरंभ झाला तें वर्ष. आणि दशांश म्हणजे आरंभाच्या वेळीं त्या इसवी वर्षाचा किती भाग लोटला होता तो भाग. १०९८ ला ०.९७०२२४ नें गुणिलें असतां १०६५.३०६ येतात, त्यांत ६२१.५७७ मिळविले कीं १६८६.८८३ होतात. म्हणजे इ. स. १६८६ चा बहुतेक भाग संपून नोव्हेंबर चालू असतां हिजरी १०९८ सुरू झाला. कोष्टकाप्रमाणें तो दिवस १७ नोव्हेंबर १६८६ हा होय.

ज्यांस तोंडीं हिशेब करावयाचा असेल त्यांनीं हिजरी सनांतून शेंकडा तीन वजा करून ६२१.६ मिळवावे. १०९८ चे शेंकडा तीन ३२.९४, बाकी १०६५.०६, त्यांत ६२१.६ मिळविले कीं १६८६.६६. आरंभाचा महिना यानें नेमका कळत नाहीं आणि कधीं कधीं एका वर्षाचाहि फरक पडतो. परंतु बाजारांत उभ्या उभ्या अजमास घेण्यास ही रीत पुरेशी आहे.

"मग नाण्याखालीं इ. स. १६८६ असें लिहावें ना ?" असें कोणी विचारील. नाहीं. हिजरी १०९८ हा १७ नोव्हेंबर १६८६ रोजीं सुरू झाला आणि ६ नोव्हेंबर १६८७ रोजीं संपला. त्याच्या ३५५ दिवसांपैकीं अवघे ४५ दिवस १६८६ मध्यें पडतात. बाकीचे ३१० दिवस १६८७ मध्यें. तेव्हां केवळ १६८६ लिहिणारा मनुष्य गणितांत न चुकतांहि बहुधा चुकीचेंच उत्तर देतो. प्रामाणिक उत्तर "इ. स. १६८६–८७" असें आहे. दोन आंकड्यांमधील ती लहानशी रेघ अज्ञानाची खूण नव्हे. आपल्याला किती कळलें आणि कोठें थांबावयाचें याची ती खूण आहे.

हीच गोष्ट आपल्या भागाच्या इतिहासांतून उलट बाजूनें पाहूं. शिवाजी महाराजांनीं कल्याण व भिवंडी हीं ठाणीं आदिलशाहीकडून घेतलीं तीं इ. स. १६५७ च्या ऑक्टोबरांत. औरंगजेब पहिल्यानें तख्तावर बसला तो इ. स. १६५८ च्या जुलै महिन्यांत. इसवी सन पाहिले तर हीं दोन निरनिराळीं वर्षें. परंतु हिजरी गणनेनें या दोन्ही गोष्टी १०६८ या एकाच वर्षांत झाल्या. त्या सालच्या नाण्यावर केवळ १०६८ असेल, तर तें भिवंडी घेतली त्या हंगामांतील कीं त्यानंतरच्या पावसाळ्यांतील, हें त्या एका आंकड्यावरून सांगतां येत नाहीं. जेथें दिवस व महिना दोन्ही नोंदलेले असतात तेथेंच एक नेमकी इसवी तारीख निघते. उदाहरणार्थ, बहमनी राज्याचा संस्थापक अलाउद्दीन हसन बहमनशहा हा दौलताबादेस गादीवर बसला तो दिवस हिजरी ७४८, रबिलाखर महिन्याची २४ तारीख, म्हणजे इ. स. १३४७ च्या ऑगस्टची ३ तारीख, शुक्रवार.

मोंगल बादशहांच्या नाण्यांवर मात्र बहुधा आणखी एक साक्षीदार असतो. एका बाजूस बादशहाचें नांव व हिजरी सन, आणि दुसऱ्या बाजूस टांकसाळीचें नांव व "जुलूस" या शब्दासह दुसरा लहान आंकडा. हा आंकडा राज्यारोहणापासूनच्या वर्षाचा. पहिलें वर्ष असेल तर आंकड्याऐवजीं "अहद" असा शब्द असतो. औरंगजेबाचीं जुलूस-वर्षें हिजरी १०६८ च्या रमजान महिन्यापासून मोजीत. तेव्हां त्याचें तिसावें वर्ष १०९८ च्या शाबानअखेर संपलें आणि एकतिसावें त्याच सनाच्या रमजानांत सुरू झालें. आतां आपलें नाणें उलटें करून पाहूं. मागें ३० असेल तर तें १७ नोव्हेंबर १६८६ ते १० जुलै १६८७ यांमधील. ३१ असेल तर तें ११ जुलै ते ६ नोव्हेंबर १६८७ यांमधील; म्हणजे येथें रेघेची गरज उरली नाहीं, १६८७ असें निःशंक लिहावें. दोन अपुऱ्या साक्षी एकत्र आणल्या म्हणजे सत्य किती जवळ येतें, याचें हें सुंदर उदाहरण आहे. महिन्याचा आरंभ चंद्रदर्शनावर असल्यामुळें या तारखांत एका-दोन दिवसांचा फरक पडूं शकतो, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

गणित करण्यापूर्वीं आंकडा बरोबर वाचला पाहिजे. फारशी अक्षरें उजवीकडून डावीकडे वाचतात. आंकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. एक म्हणजे उभी रेघ. शून्य म्हणजे नुसतें टिंब. तें झिजून गेलें तर १०९८ चे १९८ दिसूं लागतात. पांचाचें चिन्ह लहान वाटोळें असतें. आपल्या शून्याच्या संवयीनें पुष्कळ जण त्यास शून्य समजून फसतात. सात हा वर तोंड उघडलेल्या कोनासारखा आणि आठ हा त्याच्या उलट. नाणें उफराटें धरलें कीं सातांचे आठ व आठांचे सात होतात. शिवाय ठसा मोठा आणि चकती लहान अशी स्थिति असल्यामुळें सनाचा कांहीं भाग चकतीबाहेर राहतो. अशा वेळीं राजाचें नांव व जुलूस-वर्ष यांवरून उरलेला आंकडा ताडावा लागतो. कित्येकदां सन आंकड्यांत नसून शब्दांत असतो. अकबरानें हिजरी सहस्रकाच्या निमित्तानें पाडलेल्या नाण्यांवर "अलफ", म्हणजे हजार, एवढाच शब्द आहे.

यापुढील अडचण आमच्या महाराष्ट्राची खास आहे. हिजरी वर्ष ऋतूंबरोबर चालत नाहीं. पीक मात्र ऋतूंबरोबरच येतें. सारा वसूल करणाऱ्या सरकारास म्हणून सूर्याच्या वर्षाची गरज लागली. दक्षिणेंत शुहूर सन निघाला तो यासाठींच. त्याचा आंकडा हिजरीवरून उचललेला, परंतु त्याचें वर्ष मृग नक्षत्रापासून मृगापर्यंत, म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या पेरणीपासून पेरणीपर्यंत. या सनांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळविले कीं इसवी सन येतो. मराठ्यांच्या कागदांत हा सन अरबी शब्दांनीं लिहिलेला असतो, आणि महिना व तारीख मात्र चंद्राची असते. चिमाजी अप्पांच्या फौजेनें वसई घेतली, जिच्या मोहिमेंत आमच्या शेजारच्या अंजूरचे गंगाजी नाईक यांचा भाग होता, तें वर्ष शुहूर गणनेनें "तिसा सलासीन मया व अलफ" असें होतें. तिसा नऊ, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार, एकूण ११३९. मे महिन्यांतील ही गोष्ट, मृग अद्याप लागला नव्हता, म्हणून ६०० मिळवावे; इ. स. १७३९ बरोबर येतात. हेंच ११३९ हिजरी समजून आमच्या रीतीनें हिशेब केला तर इ. स. १७२६–२७ निघतील आणि वसई बारा वर्षें आधींच पडेल !

नाण्यांवरहि असा घोटाळा होतो. पुण्याच्या अंकुशी रुपयांवर फसली सन आढळतो. हाहि पिकाचाच सन. दक्षिणेकडील गणनेंत त्यांत ५९० मिळविले कीं वर्षारंभाचा इसवी सन येतो. समजा, एखाद्या अंकुशी रुपयावर १२३३ असा आंकडा आहे. तो हिजरी मानला तर ११ नोव्हेंबर १८१७ पासून पुढचें वर्ष येतें. म्हणजे पेशवाईचें शेवटचें वर्ष, आणि रुपया दुसऱ्या बाजीरावाच्या पदरांत जातो. तो फसली मानला तर इ. स. १८२३–२४ येतात, आणि तोच रुपया कंपनी सरकारच्या अमलांतील ठरतो. आंकडा एक, पण राज्यें दोन ! म्हणून गुणाकार करण्यापूर्वीं "हा आंकडा कोणत्या सनाचा ?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

इतकेंहि करून नाणें कधीं कधीं खरें बोलत नाहीं. शाह आलम बादशहा इ. स. १८०६ मध्यें वारला. तरी त्याच्या ४६ व्या जुलूस-वर्षाचा आंकडा कंपनीच्या सुरती रुपयावर पुढें कित्येक वर्षें तसाच छापला जात होता, कारण लोकांचा विश्वास त्या ओळखीच्या ठशावर बसला होता. इ. स. १८३५ मध्यें कंपनीनें विल्यम राजाच्या मुखवट्याचा एकसारखा रुपया काढला तेव्हां ही जुनी चाल मोडली. उलट, शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या शिवराईवर सन मुळींच नाहीं. तेथें हें गणित चालतच नाहीं.

आणि इसवी सन तरी एकच होता काय ? इ. स. १५८२ मध्यें पोप तेरावे ग्रेगरी यांनीं पंचांग सुधारलें तें पोर्तुगीजांनीं लगेच स्वीकारलें, इंग्रजांनीं इ. स. १७५२ पर्यंत स्वीकारलें नाहीं. त्यामुळें इ. स. १६६५ मध्यें मुंबई इंग्रजांकडे गेल्यानंतर, मुंबईच्या इंग्रजाची तारीख आणि वसईच्या पोर्तुगीजाची तारीख यांत आधीं दहा व इ. स. १७०० पासून अकरा दिवसांचा फरक असे. एकाच किनाऱ्यावर, एकाच ख्रिस्ताच्या नांवानें मोजलेले हे दोन हिशेब होते ! वर १७ व्या शतकांतील ज्या नेमक्या तारखा आम्हीं दिल्या आहेत त्या नव्या पद्धतीच्या आहेत.

आतां सोनाराकडे वळूं. आटविलेल्या नाण्याची चांदी राहते, साक्ष जाते. तें पुन्हां कोणासहि विचारतां येत नाहीं. म्हणून जमिनींत नाणीं सांपडलीं तर तीं चिंचेनें, राखेनें किंवा लिंबानें घासूं नयेत. अक्षरें त्यानेंच जातात. कोणत्या जागीं, किती खोल, आणखी कशाबरोबर सांपडलीं तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. जमिनींत दडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यास कळविला पाहिजे, असा इ. स. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. पालकांनीं या कायद्याची भीति न बाळगतां आपल्या गांवाच्या इतिहासाचें पान राखण्याचें साधन म्हणून त्याकडे पाहावें. मुलांस जुनीं नाणीं नीट पाहावयाचीं असल्यास मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, किंवा नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्राच्या संस्थेंत त्यांस अवश्य न्यावें.

औरंगजेबाच्या त्या रुपयास बोलतां येतें. परंतु तो आपल्या भाषेंत व आपल्या सनांत बोलतो. त्याच्या तोंडीं आपला सन घालणें जसें चूक, तसेंच त्यानें सांगितलें त्याहून अधिक त्याच्या नांवावर सांगणें हेंहि चूक. जो विद्यार्थी "१६८६–८७" मधील लहानशी रेघ न कंटाळतां लिहील, आणि नाणें उलटून ३१ दिसल्यावरच ती पुसील, त्यास इतिहासाचा पहिला धडा आला असें आम्ही समजूं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. महंमद तुघलकानें चांदीच्या टंक्याच्या मोलानें चालविलेलें पितळेचें नाणें. सन हिजरी ७३०. इसवी सन कोणता ?

२. फिरोजशहा बहमनीचा चांदीचा टंका; सन हिजरी ८१०. इसवी सन कोणता ?

३. हिजरी १०९३ हा सन किती इसवी वर्षांत पसरला आहे ?

उत्तरें : (१) १३२९.८४ येतात, म्हणून इ. स. १३२९–३०. (२) १४०७.४६ येतात, म्हणून इ. स. १४०७–०८. (३) १६८२.०३ येतात. हा सन १० जानेवारी १६८२ रोजीं सुरू होऊन त्याच वर्षीं ३० डिसेंबरास संपला. म्हणून केवळ इ. स. १६८२. संपूर्ण हिजरी वर्ष एकाच इसवी वर्षांत सामावण्याचा असा योग सुमारें तेहतीस वर्षांतून एकदां येतो. असा योग यापूर्वीं व यानंतर कोणत्या सनांत आला तें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून पाहावें.